दंडावरची खूण : डॉ. एडवर्ड जेन्नर

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून आपल्यापैकी कितीतरी जण सकाळी फिरायला जातात. मुलांच्या क्रिकेटमुळे तर हे नाव आपल्या तोंडी इतके बसले आहे की, त्यात लसीचा शब्द आहे हे सहसा ध्यानातही येत नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यासाठी देवीची लस याच जागी तयार होत असे. ती लस आपल्या घराघरांत पोचली होती. पन्नाशी ओलांडलेल्या घरातल्या कोणाही माणसाच्या दंडावर किंवा हातावर पाहा; रुपयाएवढी, किंचित खोल, सुरकुतलेली एक खूण दिसेल. गावोगाव फिरणाऱ्या देवी डॉक्टरांनी ती करून ठेवली आहे. त्यानंतर जन्मलेल्यांच्या अंगावर ती नाही, कारण तिची गरजच उरली नाही. जगातून समूळ गेलेला माणसाचा हा एकमेव रोग. या खुणेचा उगम ज्या माणसापाशी पोचतो, त्या डॉ. एडवर्ड जेन्नर यांचे हे थोडक्यात चरित्र.

आधी रोगाबद्दल दोन शब्द, कारण आजच्या तरुणांना त्याची कल्पना येणे कठीण आहे. प्रथम सणसणून ताप येई, पाठ आणि डोके विलक्षण दुखे. दोनचार दिवसांनी तोंडात व घशात पुरळ उठे आणि पाठोपाठ चेहऱ्यावर, हातापायांवर दाट फोड येत. ते पिकत, खपल्या धरत, आणि खपल्या पडल्या की खोल वण राहत. दहा रोग्यांपैकी साधारण तीन दगावत. वाचलेल्यांपैकी काहींचे डोळे जात. महाराजा रणजितसिंहांचा एक डोळा लहानपणी देवीनेच गेला. राजवाड्यांनाही यातून सुटका नव्हती. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई १७७४ साली देवीनेच मेला. आपल्याकडे तर या रोगाचे नावही रागाने घेत नसत. देवी आल्या म्हणायचे, दाराला कडुनिंबाचा पाला लावायचा आणि शितळादेवीला हात जोडायचे. औषध नव्हतेच. एक गोष्ट मात्र सगळ्या जगाला ठाऊक होती : एकदा देवी येऊन जो वाचला, त्याला त्या सहसा पुन्हा येत नाहीत.

एडवर्डचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली या लहान गावी झाला. वडील तिथले धर्मगुरू होते. नऊ भावंडांत एडवर्ड आठवा. तो पाच वर्षांचा असताना वर्षाच्या आत आई आणि वडील दोघेही गेले, आणि थोरल्या भावाने त्याला सांभाळले. परगणा गाईगुरांचा, दूधदुभत्याचा. एडवर्डला शाळेपेक्षा ओढ होती ती कुंपणाकाठच्या पक्ष्यांच्या घरट्यांची आणि जमिनीत सापडणाऱ्या जुन्या शिंपल्यांची.

आठव्या वर्षी त्याला देवी टोचण्यात आल्या. ही जेन्नर यांची लस नव्हे. ती जुनी टोचणी होती, आणि हा फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे. देवीच्या रोग्याच्या फोडातील पू किंवा खपली घेऊन ती निरोगी माणसाच्या कातडीखाली घालायची, म्हणजे त्याला सौम्य देवी येतात आणि पुढे जन्मभर भीती राहत नाही, अशी ती पद्धत. भारत, चीन, तुर्कस्तान इथे ती पूर्वीपासून होती. लेडी मेरी माँटेग्यू या इंग्रज वकिलाच्या पत्नीने ती इस्तंबूलमध्ये पाहिली, आपल्या मुलाला तिथेच टोचून घेतले आणि १७२१ मध्ये लंडनला मुलीलाही टोचवले. तेव्हापासून ती इंग्लंडात रुजली. टोचणीने शंभरात एकदोन जण मरत, नैसर्गिक देवीने वीसतीस. हिशेब सरळ टोचणीच्या बाजूचा होता.

पण हा हिशेब टोचून घेणाऱ्यापुरता होता. टोचलेल्या मुलाला येत त्या खऱ्याच देवी. त्याचे दुखणे सौम्य असले तरी त्याच्या श्वासातून आणि थुंकीतून बाहेर पडणारे विष अस्सल असे. त्याच्यापासून शेजारच्या घरी देवी गेल्या तर तिथे त्या सौम्य राहतीलच असे नाही. आपले मूल वाचवताना शेजाऱ्याचे मूल धोक्यात घालणारा हा उपाय होता. ज्यांना मुलांना महिनाभर वेगळे ठेवणे परवडत असे त्यांचे भागत असे. एका खोलीत संसार करणाऱ्या गरिबांचे काय? टोचणीमुळे देवी कमी होतात की वाढतात, यावर त्या काळी इंग्लंडात मोठा वाद होता तो यामुळेच.

म्हणूनच एडवर्डलाही इतर मुलांबरोबर एका तबेल्यात कोंडून ठेवले होते. आधी कित्येक दिवस रक्त काढणे, रेचके देणे, अर्धपोटी ठेवणे अशी तयारी करून घेतलेली. मूल पार खंगून गेले. तो वाचला, पण त्या दिवसांचा धसका त्याच्या मनातून कधीच गेला नाही. पुढे कित्येक वर्षे त्याला अचानक आवाज सहन होत नसे.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो ब्रिस्टलजवळच्या चिपिंग सॉडबरी गावी एका शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. गोठ्यात दूध काढणाऱ्या एका मुलीने आपल्याला गाईच्या देवी येऊन गेल्यामुळे माणसाच्या देवी येणार नाहीत असे त्याला सांगितले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचली आहे. ती त्यांच्या चरित्रकाराने नंतर सांगितलेली असल्यामुळे आजचे इतिहासकार तिच्याकडे जरा संशयाने पाहतात. पण त्या भागातल्या गवळीवाड्यांतून अशी समजूत होती, यात शंका नाही. गाईच्या सडांवर कधीकधी फोड येत. दूध काढणाऱ्यांच्या हाताला ओरखडा असला की तिथेही तसा फोड उठे, दोन दिवस कणकण येई आणि सारे बरे होई. आपल्याकडे याला गोस्तनदेवी असे नाव पडले. ज्याच्या हाताला त्या येऊन गेल्या, त्याला माणसाच्या देवी येत नाहीत असे शेतकरी म्हणत. डॉर्सेट परगण्यातील बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने तर १७७४ साली देवीची साथ आली तेव्हा गाईच्या फोडातली लस आपल्या बायकोला आणि दोन मुलांना स्वतः टोचली होती. गावकऱ्यांनी त्याला वेड्यात काढले. तेव्हा गोस्तनदेवीचा उपयोग करणारे जेन्नर पहिले नव्हेत, आणि हे सांगितल्याने त्यांचे मोठेपण उणे होत नाही. ऐकीव गोष्टीची कसोटी घेऊन तिला शास्त्राच्या चौकटीत बसवायचे काम अजून व्हायचे होते.

ते करण्याची शिस्त त्यांना लंडनला मिळाली. १७७० मध्ये, एकविसाव्या वर्षी, ते सेंट जॉर्जेस रुग्णालयातील नामांकित शल्यवैद्य जॉन हंटर यांचे शिष्य झाले. नुसते तर्क लढवत बसू नये, प्रयोग करून पाहावा, असा हंटर यांचा कानमंत्र असे, आणि गुरुशिष्यांतला हा धागा पत्रांतून हंटर यांच्या मृत्यूपर्यंत टिकला. कॅप्टन कुक यांच्या पहिल्या सफरीतून आलेले प्राणी-वनस्पतींचे नमुने लावून ठेवायला जेन्नर यांनी मदत केली. दुसऱ्या सफरीवर जाण्याची संधीही त्यांना आली होती. ती सोडून ते बर्कलीला परतले आणि खेड्यातले डॉक्टर झाले. घोड्यावरून रोगी तपासत हिंडावे, संध्याकाळी व्हायोलिन किंवा बासरी वाजवावी, मित्रमंडळींसाठी कविता कराव्यात, असा त्यांचा दिनक्रम होता.

हिंडता हिंडता त्यांनी कोकिळेच्या जातीच्या ककू पक्ष्याचा अभ्यास केला. हा पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालतो हे सर्वांना ठाऊक होते. पण घरट्यातील मूळची अंडी आणि पिले कोण बाहेर फेकते? जेन्नर यांनी पाहिले की नुकतेच जन्मलेले, डोळेही न उघडलेले ककूचे पिलूच त्यांना पाठीवर घेऊन कडेवरून ढकलते, आणि त्यासाठी त्याच्या पाठीवर असलेला खळगा बाराएक दिवसांत भरून येतो. हा निबंध १७८८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दुसऱ्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. अनेकांना हे खोटे वाटले. विसाव्या शतकात छायाचित्रांनी ते खरे ठरवले. डोळ्यांनी पाहिलेले लिहायचे आणि लोक हसले तरी सोडायचे नाही, ही सवय इथे दिसते. १७८८ मध्येच कॅथरीन किंग्जकोट यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

गोस्तनदेवीचा विचार मनात घोळतच होता. ते वर्षानुवर्षे माणसे शोधत राहिले. अमक्याला तीस वर्षांपूर्वी गाईचे फोड आले होते, मग त्याला देवीची टोचणी केली तर हातावर काय उठते? बहुतेक वेळा किंचित लाली येई आणि विरून जाई. पण ही सगळी योगायोगाने घडलेली उदाहरणे होती. मुद्दाम करून पाहिल्याशिवाय पुरावा पुरा होत नव्हता.

१४ मे १७९६ रोजी तो दिवस आला. सारा नेल्म्स या दूध काढणाऱ्या तरुणीच्या हाताला ब्लॉसम नावाच्या गाईमुळे फोड आला होता. त्यातली लस जेन्नर यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या गरीब मुलाच्या दंडावर दोन बारीक ओरखडे काढून टोचली. सातव्या दिवशी जेम्सची काख दुखू लागली. नवव्या दिवशी त्याला थंडी वाजली, डोके दुखले, जेवण गेले. दुसऱ्या दिवशी तो खेळू लागला. दंडावर फोड आला, खपली धरली, पडली. अठ्ठेचाळीस दिवसांनी, १ जुलैला, जेन्नर यांनी त्याच मुलाला खऱ्या देवीचा ताजा पू टोचला. काहीही झाले नाही. काही महिन्यांनी पुन्हा टोचला. तरीही काही झाले नाही.

इथे जरा थांबायला हवे. एका गरीब घरच्या मुलाच्या अंगात प्राणघातक रोगाचे विष घालून पाहणे आज कोणत्याही देशात गुन्हा ठरेल. त्या काळी देवी टोचणे हा रूढ उपचार होता आणि जेम्सला तसेही कोणीतरी टोचलेच असते, हे खरे. तरीही दोन वर्षांनी जेन्नर यांनी ज्या मुलांवर पुढचे प्रयोग केले त्यांतला पाच वर्षांचा जॉन बेकर हा मुलगा अनाथ-गरिबांच्या आश्रमात तापाने गेला आणि त्याची कसोटी राहूनच गेली, हेही विसरता येत नाही. जेन्नर यांनी आपल्या घरची मुलेही यातून वगळली नव्हती. थोरल्या मुलाला त्यांनी १७८९ मध्ये डुकराच्या देवीची लस टोचून पाहिली होती, आणि अकरा महिन्यांच्या रॉबर्टला गाईची. रॉबर्टला ती लागली नाही. लसीचा इतिहास लिहिताना ज्यांच्या दंडावर तो लिहिला गेला त्या मुलांचे ऋण आधी मानले पाहिजे.

रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध परत केला. पुरावा थोडा होता, आणि दावा मोठा. दरम्यान गोठ्यांतून गोस्तनदेवी नाहीशा झाल्या आणि जेन्नर यांना दोन वर्षे हात बांधून बसावे लागले. १७९८ च्या वसंतात त्या पुन्हा उद्भवल्या. या वेळी त्यांनी गाईची लस एका मुलाला टोचली, त्याच्या दंडावरची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी साखळी चालवली. शेवटच्या मुलावरही तिचा गुण पहिल्याइतकाच होता. म्हणजे दर वेळी आजारी गाय शोधण्याची गरज नव्हती. माणसांची रांगच लस जिवंत ठेवू शकत होती. त्याच वर्षी तेवीस उदाहरणांचे त्यांचे छोटे पुस्तक स्वखर्चाने निघाले. लॅटिनमध्ये गाईला वाका म्हणतात. त्यावरून व्हॅक्सिन हा शब्द आला. आपला लस हा शब्दही तितकाच बोलका आहे. जखमेतून पाझरणारे पाणी म्हणजे लस. दंडावरून दंडावर गेलेले ते पाणी आपल्या भाषेने अजून जपून ठेवले आहे.

जेम्सच्या अंगात काय घडले होते? जेन्नर यांना ते सांगता आले नसते. विषाणू हा शब्दच अजून शंभर वर्षे दूर होता. आज आपल्याला ठाऊक आहे की गाईच्या आणि माणसाच्या देवीचे विषाणू एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. त्यांच्या बाह्य रूपात बरेच साम्य असते. कातडीत शिरलेल्या सौम्य भावाला ओळखून शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, तयार करते. पहिल्यांदा लस घेतल्यावर ती साधारण दहाव्या दिवसापासून रक्तात दिसू लागतात आणि दोन आठवड्यांत चांगली वाढतात. त्यांच्या जोडीला विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारणाऱ्या पांढऱ्या पेशीही सज्ज होतात. नवव्या दिवशी जेम्सला आलेली कणकण ही त्या तयारीची चाहूल होती. मागाहून खरी देवी आली तेव्हा दारातच पहारा होता. चुलतभावासाठी बनलेल्या प्रतिपिंडांनी तिलाही अडवले.

त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. देवीचा विषाणू मुख्यतः रोग्याच्या तोंडा-घशातून पसरतो. अंगावर पुरळ दिसण्याच्या सुमारास घशातले फोड फुटतात, विषाणू थुंकीत मिसळतो आणि बोलताना, खोकताना जवळ बसलेल्यांपर्यंत पोचतो. उशापाशी बसलेली आई, शेजारी निजलेले भावंड हेच त्याचे पहिले बळी. लस घेतलेल्याच्या रक्तात प्रतिपिंडे असली की विषाणूला वाढायला आणि घशापर्यंत पोचायला वावच मिळत नाही. जुनी लस क्षीण होऊन अशा माणसाला देवी आल्याच, तरी फोड मोजके, दुखणे थोडे, आणि बाहेर पडणारा विषाणूही कमी. त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण लस न घेतलेल्या रोग्यापेक्षा पुष्कळ कमी असल्याचे पुढे निर्मूलनाच्या काळात ठिकठिकाणी दिसून आले. गाईच्या लसीचा फोड तर हवेतून कोणाला लागतच नाही. मुलाला लस टोचा आणि आईच्या कुशीत झोपवा; तबेल्यात कोंडण्याचे कारण नाही. आठ वर्षांच्या एडवर्डने जे सोसले होते, ते आता कोणत्याही मुलाला सोसावे लागणार नव्हते, आणि शेजारच्या घरालाही त्याची झळ बसणार नव्हती.

हा फरक किती नाजूक आहे याचा अनुभव लवकरच आला. १७९९ मध्ये लंडनच्या देवीच्या रुग्णालयात डॉ. वुडव्हिल यांनी शेकडो लोकांना गाईची लस टोचली. त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगभर फोड उठले आणि एक तान्हे मूल दगावले. नवी लसही जुन्यासारखीच घातक, असा बोभाटा झाला. जेन्नर यांनी कारण शोधून मांडले : देवीच्या रोग्यांनी भरलेल्या इमारतीत टोचणी केल्यामुळे लसीत खऱ्या देवीचे विष मिसळले होते. पुढे तेच खरे मानले गेले. लस स्वच्छ ठेवणे हे लस शोधण्याइतकेच मोठे काम आहे, हा धडा आपल्या व्हॅक्सिन डेपोपर्यंत उपयोगी पडला.

विरोध पुष्कळ झाला. जनावराचा अंश माणसाच्या अंगात घालणे हे धर्माविरुद्ध आहे असे काही म्हणत. टोचणीवर पोट असलेले डॉक्टर चिडले. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने १८०२ मध्ये लस घेतलेल्यांच्या अंगातून गाई बाहेर पडताना दाखवल्या. जेन्नर मात्र बागेतल्या गवताने शाकारलेल्या लहानशा झोपडीत गोरगरिबांना फुकट लस टोचत राहिले. हे तंत्र गुप्त ठेवून त्यांना गडगंज संपत्ती मिळवता आली असती. त्यांनी ते छापून सगळ्या जगाला देऊन टाकले. दोऱ्यावर वाळवलेली, काचेच्या तुकड्यांत बंद केलेली लस ते मागेल त्याला पाठवत. पत्रव्यवहार इतका वाढला की ते स्वतःला गमतीने जगाचा लसीचा कारकून म्हणवून घेत. व्यवसाय बसला, लंडनला थाटलेले बिऱ्हाड गुंडाळावे लागले. ब्रिटिश संसदेने १८०२ मध्ये दहा हजार आणि १८०७ मध्ये वीस हजार पौंड दिले तेव्हा कुठे ओढाताण थांबली. भारतातून वर्गणी जमून त्यांच्याकडे सात हजारांहून अधिक पौंड गेले, ही आपल्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट.

भारतात लस आणणे हेच एक दिव्य होते. समुद्रमार्गे केपला वळसा घालून येईपर्यंत ती निकामी होई. शेवटी व्हिएन्नाच्या डॉ. द कारो यांनी ती खुष्कीच्या मार्गाने बगदादला पोचवली. तिथून माणसांच्या दंडांवरून बसरा, आणि पुढे जहाजाने मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली आणि लागली. तिच्या दंडावरून पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलांना मिळाली. त्या एका मुलीच्या हातावरून लस पुणे, सुरत, हैदराबाद इथे गेली, तशीच मद्रास आणि श्रीलंकेतही. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावांची कारकीर्द होती. दुसऱ्याच वर्षी स्पेनमधून बावीस अनाथ मुलांना जहाजावर घेऊन, त्यांच्या दंडांवरून लस जिवंत ठेवत एक मोहीम अमेरिका खंडाकडे निघाली. आपल्याकडे मात्र परक्या घरच्या मुलाच्या दंडावरची लस घ्यायला लोक कचरत. सोवळेओवळे आडवे येई, जातपात आडवी येई, शितळादेवीचा कोप होईल ही धास्ती असे. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवून ती स्वच्छ साठवण्याची सोय झाली तेव्हा ही अडचण बरीच दूर झाली. बेळगावच्या डेपोतले काम ते हेच.

जेन्नर चुकलेही. गाईच्या देवींचा उगम घोड्याच्या पायाच्या रोगात आहे असे ते ठामपणे सांगत. लोकांना ते पटले नाही. एकदा घेतलेली लस जन्मभर पुरते, हा त्यांचा दावा तर सपशेल चुकीचा ठरला. १८११ मध्ये अर्ल ग्रॉव्हनर यांच्या मुलाला जबर देवी आल्या. दहा वर्षांपूर्वी, तान्हेपणी, त्याला स्वतः जेन्नर यांनीच लस टोचली होती. लंडनमध्ये गहजब झाला. मुलगा आशा सोडावी इतका आजारी होता, पण एकाएकी दुखणे उतरले आणि तो बरा झाला. आज या घटनेचा अर्थ स्पष्ट लागतो. वर्षे जातात तशी रक्तातली प्रतिपिंडे उतरत जातात. रोगाला दारातच अडवण्याइतकी ती उरत नाहीत, पण शरीराला पूर्वीची ओळख असते, आणि पुन्हा गाठ पडताच ती झपाट्याने वाढतात. काही वर्षांनी लस पुन्हा घेतली असती तर तेही दुखणे टळले असते. हे मान्य करायला जेन्नर अखेरपर्यंत तयार झाले नाहीत. ज्या माणसाने ऐकीव गोष्ट पुराव्यावाचून स्वीकारली नाही, त्याने स्वतःच्या मताला मात्र ती कसोटी लावली नाही, असे दुःखाने म्हणावे लागते. पुनर्लसीकरण युरोपात त्यांच्या पश्चात रूढ झाले. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या हातावर एकाहून अधिक खुणा दिसतात त्या यामुळे.

उत्तरायुष्य सुखाचे नव्हते. थोरला मुलगा १८१० मध्ये क्षयाने गेला. १८१५ मध्ये पत्नीही त्याच रोगाने गेली. त्यानंतर जेन्नर यांनी बर्कली फारसे सोडले नाही. जेम्स फिप्स मोठा झाला होता, त्याचे लग्न झाले होते. त्याला जेन्नर यांनी गावातच एक लहान घर राहायला दिले, भाडे घेतले नाही, आणि दारापुढे गुलाबाची झाडे स्वतःच्या हाताने लावली. २६ जानेवारी १८२३ रोजी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. बर्कलीच्या चर्चमध्ये त्यांना मूठमाती दिली तेव्हा जमलेल्या लोकांत जेम्सही होता.

लसीने एक दिवस देवी पृथ्वीवरून नाहीशा होतील, असे जेन्नर यांनी १८०१ मध्येच लिहून ठेवले होते. त्याला पुढे जवळजवळ १८० वर्षे लागली. इंग्लंडने १८४० मध्ये जुनी टोचणी कायद्याने बंद केली. १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटनेने जोमाने मोहीम चालवली. रोगी सापडला की त्याला वेगळे ठेवायचे आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना लस टोचून कडे करायचे, ही तिची युक्ती होती. देवी अंगात मुरून बाहेर दिसायला साधारण बारा दिवस लागतात. संसर्गानंतर तीनचार दिवसांत लस मिळाली तर शरीराची तयारी रोगाच्या आधी पुरी होऊ शकते. रोगी एकाला लागण देतो तोवर त्याच्या पुढचा माणूस सुरक्षित झालेला असतो, आणि साखळी तुटते. भारतात शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये सापडला, जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा १९७७ मध्ये सोमालियात. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

गणपतीत आपल्या मंडळाच्या मांडवात चार पिढ्या एकत्र बसतात. आरतीला टाळ्या वाजवणाऱ्या आजीच्या हातावरची ती खूण एखाद्या नातवाने विचारली, तर तिची हकीकत त्याला जरूर सांगावी. ती लस आजीने लहानपणी रडत रडत घेतली होती. तिच्यामुळे आजी वाचली, आणि तिच्या मांडीवर खेळलेली, शेजारी निजलेली कितीतरी मुलेही वाचली. ती मुले कोणती, हे कोणालाच कधी कळणार नाही. आज आपल्या नातवंडांना गोवराची, पोलिओची लस द्यायला नेताना एवढे लक्षात असू द्यावे.